रोमचा कारागीर-शर्यतपटू : रिची इव्हन्स (१९४१–१९८५) आणि अमेरिकेतील आखूड मार्गांवरील मोटारशर्यती

१

क्रीडांचा इतिहास बहुधा शिखरावरून लिहिला जातो. राष्ट्रीय स्पर्धा, मोठी पारितोषिके आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकलेली नावे एवढ्यांचा मागोवा घेतला, की त्या खेळाचा इतिहास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या इतिहासालाही हा दोष लागलेला आहे. डेटोनाच्या अडीच मैलांच्या प्रशस्त मार्गावर जिंकणाऱ्या वीरांची नावे सर्वतोमुखी झाली. परंतु ज्या लहान मार्गांवर, गावोगावी, आठवड्याच्या ठरलेल्या रात्री हा खेळ प्रत्यक्षात नांदत होता, तेथील माणसे दीर्घकाळ इतिहासाच्या समासातच राहिली.

प्रथम दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात कारखान्यातून निघून दुकानात विक्रीस येणारी सामान्य मोटार. खास शर्यतीसाठी जन्मास घातलेल्या उघड्या चाकांच्या मोटारीहून ती भिन्न मानली गेली. कालांतराने या मोटारीचे बाह्यरूप तेवढे मूळचे उरले व आतील सर्व रचना शर्यतकारांनी स्वतः घडविलेली असू लागली, तरी नाव मात्र कायम राहिले. ‘आखूड मार्ग’ म्हणजे एक मैलाहून कमी घेराचा बंदिस्त मार्ग. असे बहुतेक मार्ग पाव मैल ते अर्धा मैल एवढ्याच घेराचे असतात. त्यांवरून मोटारी सतत डावीकडे वळत धावतात आणि प्रेक्षकांना संपूर्ण शर्यत एका दृष्टिक्षेपात दिसते.

अशा मार्गांवर ज्याने आपले आयुष्य वेचले त्या रिची इव्हन्सने १९७३ साली एकदा व पुढे १९७८ ते १९८५ या काळात ओळीने आठ वेळा, असे एकूण नऊ वेळा नॅस्कार या संस्थेचे मॉडिफाइड वर्गातील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच संस्थेच्या सर्वोच्च वर्गात रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट व जिमी जॉन्सन या तिघांनी गाठलेला उच्चांक सात अजिंक्यपदांचा आहे. केवळ आकड्यांची तुलना करून श्रेष्ठकनिष्ठतेचा निर्णय देणे इतिहासकाराचे काम नव्हे. तथापि एवढ्या योग्यतेचा माणूस आयुष्यभर लहान मार्गांवरच का राहिला, आणि ज्या कारागिरीने त्याला विजय दिले तिचा त्याच्या मृत्यूशी कोणता संबंध होता, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने त्याच्या कारकिर्दीचा विचार करता येतो.

२

इव्हन्स ज्या वर्गात स्पर्धा करीत असे त्याचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परिस्थितीत सापडतो. युद्धसामग्रीच्या उत्पादनास्तव फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेतील नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबविण्यात आले होते. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले, परंतु मागणी एवढी प्रचंड होती की नवी मोटार शर्यतीत उतरवून तिची नासधूस करणे कोणासही परवडणारे नव्हते. याउलट युद्धपूर्व काळातील, विशेषतः १९३०–४० या दशकातील दोन दारांच्या लहान मोटारी भंगाराच्या भावात मिळत होत्या. त्यांचे इंजिन सुधारावे, अनावश्यक भाग काढून टाकावेत आणि त्या शर्यतीस जुंपाव्या, हा मार्ग गॅरेजमध्ये काम करणाऱ्या सामान्य तरुणांसही मोकळा होता. अशा रूपांतरित मोटारींनाच ‘मॉडिफाइड’ ही संज्ञा प्राप्त झाली.

डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथे बिल फ्रान्स याच्या पुढाकाराने भरलेल्या बैठकांतून नॅस्कार ही संस्था निर्माण झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिने आपली पहिली शर्यत भरविली, ती मॉडिफाइड मोटारींची होती. रेड बायरन याने ती जिंकली आणि त्या वर्षीचे पहिले अजिंक्यपदही त्यालाच मिळाले. अस्सल कारखानी मोटारींचा वर्ग त्यानंतर, म्हणजे जून १९४९ मध्ये शार्लट येथे सुरू झाला. पुढे हाच वर्ग वाढत जाऊन संस्थेचा सर्वोच्च वर्ग ठरला. म्हणजे कालानुक्रमाने पाहता मॉडिफाइड हा वर्ग थोरला होय. ज्याला नंतरच्या काळात दुय्यम मानले गेले तोच या संस्थेचा मूळ पाया होता, ही गोष्ट इव्हन्सच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना दृष्टीआड करून चालणार नाही.

सर्वोच्च वर्गाचे केंद्र दक्षिणेकडील कॅरोलायना राज्यांत स्थिरावले. मॉडिफाइड वर्गाचा जोर मात्र न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी या ईशान्येकडील राज्यांत राहिला. त्या प्रदेशांत दाट वस्तीची औद्योगिक गावे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर होती. त्यामुळे एकाच मोटारीने आठवड्यात तीन-चार ठिकाणी शर्यत करणे शक्य होई.

३

रिचर्ड इव्हन्सचा जन्म २३ जुलै १९४१ रोजी झाला. न्यूयॉर्क राज्याच्या ओनायडा परगण्यातील वेस्टर्नव्हिल या खेड्यात, कुटुंबाच्या शेतीवर तो वाढला. वयाच्या सोळाव्या वर्षी शेत सोडून तो जवळच्या रोम या गावी गॅरेजमध्ये कामास लागला. हे रोम मोहॉक नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. १८१७ साली ईरी कालव्याच्या खोदकामास येथूनच आरंभ झाला. पुढे तांबे व पितळ यांच्या कारखान्यांमुळे गावाला ‘ताम्रनगरी’ हे नाव मिळाले. महायुद्धाच्या काळात येथे विमानदळाचा तळ उभा राहिला आणि १९६० च्या सुमारास गावाची लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. धातू कापणे, जोडणे, घासणे व यंत्रे दुरुस्त करणे या कामांत मुरलेल्या माणसांची अशा गावी वाण नव्हती. शर्यतीची मोटार घरच्या गॅरेजमध्ये तयार होण्यासाठी जे कौशल्य लागते ते येथे नोकरीच्या निमित्ताने सहजच उपलब्ध होते.

प्रथम रस्त्यावरील चढाओढी व नंतर सरळ पट्ट्यावरील शर्यती यांत इव्हन्सने नाव कमावले. त्यानंतर १९६२ मध्ये त्याने युटिका-रोम या जवळच्या मार्गासाठी आपली पहिली मोटार सिद्ध केली. ती १९५४ सालची फोर्ड होती. तिच्यावर त्याने ‘पी.टी. १०९’ असा क्रमांक रंगविला होता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी महायुद्धात ज्या नौकेचे नेतृत्व केले तिचे हे नाव. १९६५ मध्ये तो मॉडिफाइड वर्गात आला आणि त्या हंगामाच्या अखेरच्या रात्री त्याने आपली पहिली मुख्य शर्यत जिंकली. पुढे त्याने स्वीकारलेला ६१ हा क्रमांक व मोटारीचा भडक नारिंगी रंग ही त्याची कायमची ओळख झाली.

१९६५ चा पहिला विजय आणि १९७३ चे पहिले अजिंक्यपद यांत आठ वर्षांचे अंतर आहे. या आठ वर्षांना उमेदवारीचा काळ म्हणता येईल. कोणत्याही शाळेत न शिकविले जाणारे शास्त्र तो या काळात एकेका रात्रीच्या यशापयशातून शिकत होता.

४

या कारकिर्दीचे स्वरूप समजण्यास त्या काळची गुणपद्धती ध्यानात घ्यावी लागते. १९८४ पर्यंत मॉडिफाइड वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद ठराविक शर्यतींच्या मालिकेवर अवलंबून नव्हते. संस्थेची मान्यता असलेल्या कोणत्याही मार्गावरील साप्ताहिक शर्यतीत गुण मिळत आणि काही निवडक मोठ्या शर्यतींना अधिक गुण असत. त्या सर्वांची वर्षाअखेर बेरीज केली जाई. साहजिकच जो अधिक ठिकाणी, अधिक वेळा व सातत्याने वरच्या क्रमांकात येई त्याचे पारडे जड होई. साठांहून अधिक शर्यती करणे हे अजिंक्यपदाच्या उमेदवारास नित्याचेच होते. एका रात्रीची शर्यत आटोपून, मोटार गाडीवर चढवून, दुसऱ्या राज्यातील मार्ग गाठायचा आणि वाटेत किंवा पहाटे गॅरेजमध्ये झालेली मोडतोड दुरुस्त करायची, असा हा क्रम वसंतापासून हेमंतापर्यंत चाले. अजिंक्यपद म्हणजे वेगाइतकीच टिकाऊपणाची आणि प्रवास सोसण्याच्या शक्तीची परीक्षा होती.

या परीक्षेत इव्हन्सचा मुख्य प्रतिस्पर्धी त्याच्याच गावचा रहिवासी होता, हा एक विलक्षण योगायोग होय. जेरी कुक हाही रोम येथेच राहून आपली मोटार चालवीत असे. १९७१ व १९७२, तसेच १९७४ ते १९७७ अशी सहा अजिंक्यपदे त्याने मिळविली. मधले १९७३ चे व नंतरची १९७८ पासूनची आठ इव्हन्सकडे गेली. याचा अर्थ असा, की १९७१ पासून १९८५ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे एका राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद पन्नास हजार वस्तीच्या एकाच गावाच्या हद्दीबाहेर गेले नाही. दोघांच्या रीती भिन्न होत्या. कुकच्या नावावर १,४७४ मॉडिफाइड शर्यतींत ३४२ विजय नोंदलेले आहेत, म्हणजे साधारणतः चार शर्यतींमागे एक. त्याचे बळ विजयांच्या संख्येपेक्षा हिशेबी सातत्यात अधिक होते. इव्हन्सने हिशेब सोडला नाही, परंतु त्याला आक्रमकतेची जोड दिली. १९७९ या त्याच्या सर्वोत्तम हंगामात त्याने संस्थेच्या ६० मॉडिफाइड शर्यतींत भाग घेतला. त्यांपैकी ३७ त्याने जिंकल्या आणि ५४ वेळा तो पहिल्या पाचांत आला. शंभरात नव्वद वेळा पहिल्या पाचांत येणे ही गोष्ट चालकाच्या धैर्याबरोबरच मोटारीच्या निर्दोष जडणघडणीचीही साक्ष देते.

विजयांची संख्या आणि अजिंक्यपद या दोन गोष्टी एकच नव्हत, हे १९७८ च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या वर्षी जेफ बोडाइन याने ८४ मॉडिफाइड शर्यतींपैकी ५५ जिंकून एक विक्रमच केला. तरीही राष्ट्रीय अजिंक्यपद इव्हन्सकडे गेले. बोडाइनच्या शर्यतींत संस्थेच्या मान्यतेबाहेरच्याही अनेक होत्या आणि गुणांसाठी धावणे हे त्याचे मुख्य लक्ष्य नव्हते. कोणत्याही क्रीडेतील पदवीचा अर्थ ती देणाऱ्या पद्धतीच्या संदर्भातच लावावा लागतो, हा धडा यातून मिळतो. इव्हन्सच्या नावावर सामान्यतः चारशेंहून अधिक विजय सांगितले जातात. हा आकडाही अनेक मार्गांच्या, अनेक संस्थांच्या आणि वेगवेगळ्या प्रकारे राखलेल्या नोंदींच्या बेरजेतून उभा राहिलेला आहे, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

५

आता त्याच्या कारागिरीकडे वळावे. आखूड मार्गावर मोटार जवळजवळ सर्व वेळ वळणात किंवा वळणाच्या तयारीत असते. डावीकडे वळताना भार उजव्या बाजूच्या चाकांवर झुकतो. त्यामुळे उजवे टायर तापतात, झिजतात आणि पकड गमावतात. यावर उपाय म्हणून मोटार घडवितानाच इंजिन, चालकाची बैठक व शक्य तेवढे वजन डावीकडे सरकविले जाते. मागील उजव्या टायरचा परीघ डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवतात. जमिनीवर आडवी लोटलेली सुरई जशी आपोआप गोल फिरते, तशी मग मोटार स्वभावतःच डावीकडे वळू पाहते. उजवे पुढचे व डावे मागचे ही कोनाकोनी चाके मिळून किती भार उचलतात, हे स्प्रिंगांवरील स्क्रू फिरवून कमीअधिक करता येते. मागील आसातील गिअर त्या त्या मार्गाच्या घेरानुसार बदलावे लागतात.

हे सर्व बदल एकमेकांवर परिणाम करतात. शिवाय मार्गाचा पृष्ठभागही स्थिर नसतो. सायंकाळी तापलेले डांबर रात्री थंड होते आणि शर्यती होत जातील तसतसा त्यावर रबराचा थर बसतो. सातला योग्य असलेली जुळणी दहाला निरुपयोगी ठरते. जो चालक मोटारीचे वागणे आपल्या पाठीतून व हातांतून जाणू शकतो, आणि त्या जाणिवेचे रूपांतर पान्याच्या नेमक्या अर्ध्या फेऱ्यात करू शकतो, त्याला दुसऱ्याच्या हातची मोटार चालविणाऱ्यापेक्षा मोठा लाभ असतो. घडविणारा व चालविणारा एकच असल्याने इव्हन्सच्या बाबतीत अनुभव आणि दुरुस्ती यांच्यामध्ये दुभाष्याची गरज उरली नव्हती.

तथापि या सर्व जुळणीला एक पूर्वअट आहे. मोटारीचा सांगाडा पुरेसा ताठ असला पाहिजे. सांगाडा पिळवटू लागला तर तो स्वतःच एक अनियंत्रित स्प्रिंग बनतो. मग खऱ्या स्प्रिंगांत केलेल्या बदलाचा परिणाम काय होईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून मॉडिफाइड मोटारींचे निर्माते उत्तरोत्तर अधिक ताठ सांगाड्याकडे वळले. जुन्या मोटारींचे मूळ सांगाडे मागे पडले. त्यांच्या जागी चौकोनी पोलादी नळ्यांच्या, टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या तुळया आणि त्यांवर नळ्यांचा पिंजरा अशी रचना आली. १९७० नंतर जुन्या मोटारींच्या बाह्यांगांऐवजी पिंटो, व्हेगा यांसारख्या लहान आधुनिक मोटारींची बाह्यांगे या सांगाड्यांवर बसू लागली. त्यामुळे मोटारी अधिक ठेंगण्या, हलक्या व वेगवान झाल्या. सरळ तुळई बनविण्यास सोपी, दुरुस्तीस सोपी आणि वळणात विश्वासार्ह होती. गावच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या पैशाने व मर्यादित साधनांनी काम करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने तिच्यात दोष काढण्यासारखे काहीच नव्हते.

मार्च १९८१ मध्ये मार्टिन्सव्हिल येथील शर्यतीच्या अंतिम फेरीत इव्हन्स व बोडाइन यांच्या मोटारी एकमेकींना भिडल्या. इव्हन्सची मोटार भिंतीवर चढली आणि मोडक्या अवस्थेतच तिने विजयरेषा ओलांडली. तो स्वतः सुखरूप बाहेर आला. अशा प्रसंगांनी ताठ सांगाड्यावरील विश्वास दृढ झाला असल्यास नवल नाही. तिरप्या आघातात आघाताची शक्ती घसरत जाण्यात व उलथण्यात खर्ची पडते आणि मजबूत पिंजरा चालकाचे रक्षण करतो. समोरासमोरच्या आघाताची गोष्ट निराळी आहे, हे मात्र अजून कळावयाचे होते.

६

सर्वोच्च वर्गात जाण्याचा मार्ग ईशान्येकडील शर्यतपटूंना बंद होता असे नाही. रॉन बुशार्ड हा मॉडिफाइड वर्गातूनच वर गेला आणि १९८१ साली त्याने टॅलाडेगा येथील शर्यत जिंकली. बोडाइन १९८२ चा सर्वोत्कृष्ट नवागत ठरला व १९८६ मध्ये त्याने डेटोना ५०० ही सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. इव्हन्सने ज्यांना अनेकदा मागे टाकले होते त्यांनी हे यश मिळविले असल्याने त्याच्या पात्रतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही तो रोममध्येच राहिला.

याचे स्पष्टीकरण केवळ महत्त्वाकांक्षेच्या अभावात शोधणे सयुक्तिक होणार नाही. सर्वोच्च वर्ग १९७० नंतर मोठ्या भांडवलाचा व्यवसाय बनत गेला होता. तेथे मोटारीचा मालक एक, घडविणारा दुसरा, इंजिन बनविणारा तिसरा आणि चालक चौथा अशी श्रमविभागणी रूढ होत होती. तेथे जाणे म्हणजे स्वतंत्र कारागिराने वेतन घेणारा चालक होणे. आखूड मार्गांच्या जगात इव्हन्स हा स्वतःच्या कार्यशाळेचा धनी होता. कोणत्या रात्री कोठे जायचे, मोटारीत काय बदलायचे आणि कोणती जोखीम पत्करायची हे तोच ठरवीत असे. बक्षिसाच्या अनेक लहान रकमा मिळून त्याचा योगक्षेम चाले. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात कसबी विणकर व कारखाना यांच्या संबंधाची जी चर्चा होते तिचेच एक विसाव्या शतकातील, क्रीडाक्षेत्रातील रूप येथे दिसते. फरक एवढाच, की येथील कारागिराने आपली जागा सोडली नाही आणि आपल्या क्षेत्रात तो अखेरपर्यंत अपराजित राहिला.

७

१९८५ साली संस्थेने जुनी गुणपद्धती मोडीत काढली. साप्ताहिक शर्यतींचे गुण राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी धरणे बंद झाले. त्यांच्या जागी ठराविक शर्यतींची एक फिरती मालिका सुरू करण्यात आली. १९८२ मध्ये शर्यतीतून निवृत्त झालेला जेरी कुक या मालिकेचा संचालक झाला. एका गावच्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक नियमांचा अंमल करणारा व दुसरा त्या नियमांखाली धावणारा, अशी ही नवी मांडणी होती. अमर्याद प्रवासाच्या जुन्या पद्धतीतील शेवटचे अजिंक्यपद इव्हन्सचे होते, आणि नव्या पद्धतीतील पहिलेही त्यानेच मिळविले. त्याचे यश विशिष्ट गुणपद्धतीच्या आश्रयाने टिकले होते असा आक्षेप कोणी घेतला असता, तर त्याला १९८५ चा हंगाम हे पुरेसे उत्तर होते.

हंगामातील शेवटची शर्यत मार्टिन्सव्हिल येथे होती. १९४७ साली सुरू झालेला हा मार्ग ०.५२६ मैल घेराचा आहे. त्याच्या सरळ बाजू लांब आणि वळणे अरुंद व बऱ्याच अंशी सपाट आहेत. त्यामुळे सरळ बाजूच्या टोकाशी मोटार भरवेगात असते आणि तेथेच तिला एकाएकी आवरावे लागते. अजिंक्यपद आधीच निश्चित झालेले असतानाही इव्हन्स तेथे आला. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी सराव करताना त्याची मोटार तिसऱ्या वळणावर भिंतीवर आदळली आणि तो मरण पावला. त्याचे वय ४४ वर्षांचे होते.

ही घटना एकटी राहिली असती तर तिला अपघात म्हणून सोडून देता आले असते. तथापि १९८७ मध्ये चार्ली जार्झॉम्बेक मार्टिन्सव्हिल येथे आणि कॉर्की कुकमन थॉम्प्सन येथे मृत्यू पावले. १९८९ मध्ये डॉन प्रॅट व टॉमी ड्रुअर आणि १९९० मध्ये टोनी यांकोवियाक यांनाही प्राण गमवावे लागले. पाच वर्षांत एकाच वर्गातील सहा चालक गेल्यावर दृष्टी मोटारीच्या रचनेकडे वळणे अपरिहार्य होते. ज्या ताठपणामुळे मोटार वळणात आज्ञाधारक राहत होती तोच भिंतीवर सरळ आदळताना घातक होता. सांगाडा दबत नसे, म्हणून आघात सोसण्याचे काम चालकाच्या देहावर येऊन पडे. पुढे सरळ तुळयांचे सांगाडे टप्प्याटप्प्याने बाद करण्यात आले आणि आघाताच्या वेळी वाकू शकतील अशा बाक दिलेल्या तुळयांची रचना स्वीकारण्यात आली.

मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्याजोगा ठेवून आतील माणसांचे रक्षण करावे, हे तत्त्व तोवर अज्ञात नव्हते. मर्सिडीज कंपनीतील अभियंता बेला बारेन्यी याने ते १९५०–६० या दशकात मांडले होते आणि १९५९ पासून त्या कंपनीच्या प्रवासी मोटारींत ते योजिलेही गेले होते. मग ते गॅरेजमधील निर्मात्यांपर्यंत पोहोचण्यास तीस वर्षे का लागावीत? या प्रश्नाचे उत्तर त्या ज्ञानाच्या परंपरेतच आहे. इव्हन्ससारख्यांचे शास्त्र प्रयोगातून उपजले होते, परंतु त्या प्रयोगाची कसोटी एकच होती, ती म्हणजे पुढील शर्यतीचा निकाल. वळणातील वर्तनाविषयीची प्रत्येक चूक दर आठवड्यास उघडकीस येई व दुरुस्त होई. भिंतीवरील आघाताविषयीची चूक मात्र वर्षानुवर्षे लपून राही, आणि उघडकीस आली की ती सांगण्यास चालक उरत नसे. कारखान्याजवळ आघाताच्या चाचणीसाठी बाहुले होते. कारागिराजवळ स्वतःवाचून दुसरे साधन नव्हते. नियम करण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे होता तिनेच ही उणीव भरून काढणे अपेक्षित होते. ती भरून निघाली, परंतु मृत्यूंची संख्या वाढल्यानंतर.

सर्वोच्च वर्गातही हीच कथा काही वर्षांनी पुन्हा घडली. फेब्रुवारी २००१ मध्ये डेल अर्नहार्ट डेटोना येथे भिंतीवर आदळून मरण पावला. त्याच वर्षी डोके व मान जखडून ठेवणारी उपकरणे सक्तीची झाली आणि २००२ पासून आघात शोषून घेणाऱ्या भिंती बसविण्यास आरंभ झाला. दोन्ही प्रसंगांतील अपघातांचे तपशील भिन्न असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे : आघाताची शक्ती कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. मोटार किंवा भिंत ती शोषून घेत नसेल तर ती चालकाच्या वाट्यास येते. आखूड मार्गांवरील मृत्यूंनी हे आधीच दाखवून दिले होते. त्याकडे पुरेसे लक्ष जाण्यास देशभर नावाजलेल्या माणसाचा मृत्यू घडावा लागला.

८

इव्हन्सच्या मृत्यूनंतर मॉडिफाइड मालिकेतील ६१ हा क्रमांक कायमचा निवृत्त करण्यात आला. १९९८ मध्ये संस्थेने आपल्या पन्नास सर्वश्रेष्ठ चालकांच्या यादीत त्याचा समावेश केला. जानेवारी २०१२ मध्ये शार्लट येथील संस्थेच्या सन्मानमंदिरात त्याला स्थान मिळाले. मुख्यतः सर्वोच्च वर्गाच्या नायकांसाठी उभारलेल्या त्या मंदिरात प्रवेश मिळालेला तो मॉडिफाइड वर्गाचा पहिलाच प्रतिनिधी होय. २०१६ मध्ये जेरी कुकही तेथे गेला. माइक स्टेफनिक याने मॉडिफाइड वर्गातील सात व अन्य एका वर्गातील दोन अशी एकूण नऊ अजिंक्यपदे मिळवून इव्हन्सच्या संख्येशी बरोबरी केली. परंतु मॉडिफाइड या एकाच वर्गात नऊ अजिंक्यपदे इव्हन्सच्याच नावावर आहेत.

या सन्मानांचे ऐतिहासिक महत्त्व व्यक्तिगौरवापुरते मर्यादित नाही. संस्थेचा पाया ज्या मार्गांवर घातला गेला त्यांची आठवण तिला साठ वर्षांनंतर झाली, असा त्यांचा अर्थ आहे. दरम्यानच्या काळात रोममधील परिस्थितीही पालटली. १९९५ मध्ये तेथील विमानदळाचा तळ बंद झाला. ज्या औद्योगिक वातावरणात शेत सोडून आलेला सोळा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये काम शिकून राष्ट्रीय अजिंक्यवीर होऊ शकला, ते वातावरण विरळ होत गेले. मॉडिफाइड मोटारींचे सांगाडे विशेषज्ञ कंपन्यांकडून विकत घेण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे मोटारी अधिक सुरक्षित व अधिक एकसारख्या झाल्या. मात्र घडविणारा आणि चालविणारा यांचे एकत्व उरले नाही.

या बदलाकडे केवळ हळहळीने पाहणे योग्य ठरणार नाही. इव्हन्सच्या कारकिर्दीत स्वतंत्र कारागिराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच सांगाड्यात सामावलेल्या दिसतात. आपल्या हातांनी घडविलेल्या वस्तूचे संपूर्ण ज्ञान त्याला होते आणि त्या ज्ञानाच्या बळावर त्याने तेरा वर्षांत नऊ अजिंक्यपदे मिळविली. परंतु जे ज्ञान एका माणसाच्या, एका गॅरेजच्या अनुभवातून मिळूच शकत नाही, त्याची उणीव त्याला प्राणांनी भरावी लागली. अशा ज्ञानाचा संचय करणे व ते लहानातल्या लहान कार्यशाळेपर्यंत वेळीच पोहोचविणे हे संस्थांचे कर्तव्य असते. त्या कर्तव्यातील विलंब किती महाग पडतो, याचा हिशेब रोमच्या या नारिंगी मोटारीच्या इतिहासात नोंदलेला आहे.